रकाना सात

तालुक्याहून आलेला अर्ज चार पानांचा.
झेरॉक्स करताना कागद सरकला होता,
म्हणून रकाना सात अर्धाच छापलाय:
घरमालक त्याच घरात राहतो का
पुढचं होय, नाही मी पेनाने लिहिते,
स्कुटीच्या सीटवर, एकेका प्रतीवर.

मोहबोडीत एकशे बारा घरं.
त्यातली एकोणीस मोबाईलवर दिसतात,
तीन चांदण्या, साडेचार चांदण्या,
वाघापासून दहा मिनिटं.
कराच्या वहीत मात्र
एकोणीसच्या एकोणीस कौलारू, राहती,
आकारणी एकशे ऐंशी रुपये.

सोबत शिपाई दसरू, काखेत नोटिसा,
डब्यात गव्हाच्या पिठाची खळ.
डिंकाचं बिल मंजूर झालं नाही.

पोचुबाई कन्नाकेच्या भिंतीवर
नातवानं काढलेला वाघ,
मांजरापेक्षा जरा जाड.
आत पलंग, मच्छरदाणी,
उशीवर टॉवेलचा हंस.
तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
एवढंच नीट शिकवलं होतं.
आग विझवायचं साधन?
"हंडा हाय ना."
पाहुण्यांची नोंदवही?
तिनं कॅलेंडर उलटवलं.
गाय फळवल्याच्या तारखेशेजारी
पुण्याचे दोघं, अमरावतीचे मास्तर,
आणि एक गोरी बाई,
जिचं नाव लिहिता आलं नाही
म्हणून टोपी काढलेली.

रकाना सात.
"तुम्ही इथंच राहता?"
"हाव."
"कुठं पण? पलंग तर एकच."
ती मला मागं नेते.
गोठा. तणसावर चटई,
खुंटीला दुसरं लुगडं, कोनाड्यात फणी.
"पाहुणे असले का इकडं, नसले का तिकडं.
झोप तं मले इकडंच जास्त येते."

घराची व्याख्या पान दोनवर आहे:
छत, भिंती, दार, शौचालय.
गोठ्याला दार नाही.
मी पेन धरून उभी,
गाय माझ्या ओढणीचं टोक चघळते,
आणि पोचुबाई सहज विचारते,
"अन तुमी कुठं रायता, मॅडम?"

मी मोहबोडीत राहते.
तसा दाखला आहे, सरपंचाच्या सहीचा,
घरभाडं भत्ता त्यावरच निघतो.
स्कुटी रोज बेचाळीस किलोमीटर चालते.
दसरू खळ ढवळत राहिला.

तलावाच्या अंगाला दुसरं, काचेचं.
सातबाऱ्यावर शेतघर, बोर्डावर बारा खोल्या.
रात्री एकला स्पीकर,
पाण्यावर सर्चलाइट, चितळं दिसावीत म्हणून.
तक्रारीवर सहा सह्या, दोन अंगठे.
फाटकाशी लोकेश गुरनुले, असेल विशीचा.
"मालक येतात?"
"दिवाळीले आलते. ड्रोन घेऊन."
"मग रात्री कोण असतं?"
"मी."
"म्हणजे इथं राहणारा तूच."
तो हसतो, मग मागं बघतो,
"मॅडम, तसं लिवू नका.
मी गेटावर रायतो."

दंड पाच हजार, मुदत सात दिवस.
काचेला खळ धरत नाही.
नोटीस दोनदा घसरली,
तिसऱ्यांदा लोकेशनंच
आतून चिकटपट्टी आणून दिली,
आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून उभा राहिला.

कार्यालयात पोचायच्या आधी फोन:
तलावाकडचं नंतर बघू.
लहान घरांचं या आठवड्यात संपवा,
आकडा वर दाखवायचाय.

रात्री अर्ज भरायला घेतले.
काचेच्या घरापुढं नाही,
खाली दोन रेघा, तक्रारीची प्रत टाचून.
वर जाऊ दे, परत येऊ दे.
पोचुबाईच्या अर्जावर होय आणि नाही
दोन्ही माझ्याच अक्षरातले,
तेव्हा तिसरं लिहायला कोण अडवतंय,
म्हणून लिहिलं: गाईजवळ.
मग माझा भत्त्याचा कागद काढला,
वाचला,
आणि परत फाईलीत ठेवला.

सकाळी पोचुबाईचा फोन.
"मॅडम, ते नोटीस गाईनं खाल्ली.
दुसरी आणा.
पर खळ कमी लावजा."